सातची हजेरी

“पाणी नसतं तेव्हा फोन करायचा, राजमती. पाणी आल्यावर कुणीही करतं.”

हे असं म्हणत आणि दर सोमवारी सकाळी सातच्या ठोक्याला ओसरीवर खुर्ची टाकून बसत. मांडीवर वही, कानाला फोन. मी आत चुलीपाशी दुधावर लक्ष ठेवून असे. पहिला फोन नदीपलीकडे, भोईवाड्याला.

“हौसा, काय पडलं आज जाळ्यात?”

पलीकडून ती काय बोले ते मला ऐकू येत नसे. ह्यांचं हसणं तेवढं भिंतीतून यायचं. माझ्याशी हे हसत नसत असं नाही, पण ते घरातलं हसणं, मला पाठ असलेलं. हे दुसरंच होतं. आम्ही जैन. पाणीसुद्धा गाळून पितो, दिवस मावळल्यावर घास तोंडात घेत नाही. आणि माझा नवरा मी पूजेला बसायच्या आधी एका बाईला विचारणार, आज किती जीव धरलेस!

दुसरा फोन कारखान्याच्या ट्रकवाल्यांना, तिसरा आरोग्य केंद्रात. शेवटी फोन खाली ठेवून हे आत हाक मारत,

“राजमती, मंडळ?”

“चाळीस किलो तांदूळ, सहा शेगड्या, गॅसच्या दोन टाक्या.”

“हजर,” म्हणून हे वहीत लिहीत. बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या महिला मंडळाची मी प्रमुख. पण माझी हजेरी शेवटी, तीही फोनशिवाय.

ह्यांनी एकोणतीस वर्षं कोरवड्याच्या पुलावर नदीचं पाणी मोजलं. मोठ्या पुरात सगळे आले होते हे त्यांनी पाहिलं होतं. आम्ही जेवण केलं, कारखान्याने ट्रक दिले, भोयांनी नावा घातल्या, तालुक्याने पाण्यात तरंगायची जॅकेटं पाठवली. पण जेवण तीन दिवस एकाच शाळेत जात राहिलं, जॅकेटं तालुक्यातल्या गाडीतच राहिली, आणि भोईवाड्याची एक नाव जॅकेटांशिवाय निघाली ती उलटली. दोन माणसं गेली. पाणी उतरल्यावर सत्कार झाले, हार झाले, सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. वर्षभराने ह्यांनी चौकशी केली तर एकाकडे दुसऱ्याचा फोन नंबर नव्हता. तेव्हापासून ही सोमवारची हजेरी. उन्हाळा असो, नदीत वाळू दिसत असो, सातला फोन. प्रत्येकाने आपल्या हाताशी काय आहे ते सांगायचं. दोनदा वाजून उचलला नाही तर माणूस पाठवायचं. एवढेच नियम.

नियम मला नवे नव्हते. मी रोज सकाळी बस्तीत भगवंतासमोर हात जोडून त्या दिवसाचे नियम घेते. आज अमुक खाणार नाही, आज तमुक बोलणार नाही, आज या हद्दीपलीकडे पाऊल टाकणार नाही. घरी आले की हे विचारत,

“आज कुठवर?”

“ओढ्यापर्यंत.”

“मग नदी राहिली म्हणायची,” असं म्हणून हे परत वहीत डोकं घालत.

त्यांची छाती दुखायला लागली ते माघात. दवाखान्यात पाचव्या दिवशी त्यांनी निरोप पाठवून हौसाला बोलावून घेतलं. ती आली तशी खोलीभर नदीचा वास आला. चाळिशीची, काळीसावळी, नाकात मोठी चमकी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. दारातच चप्पल काढून म्हणाली, “काय ओ अण्णा, पानी उतारलं व्हय तुमचं?”

आणि हे हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा.

मग उशीखालून त्यांनी वही काढली आणि तिच्या हातात दिली. माझ्याकडे बघून म्हणाले, “गुदामाची किल्ली तुझ्याकडं राहू दे.”

बस्तीमागच्या उंचावरच्या गुदामात तालुक्याने दिलेली रबरी बोट, तिचं मशीन आणि पन्नास जॅकेटं ठेवलेली असत. मी म्हटलं, “वहीसुद्धा घरातच राहिली असती.”

ह्यांनी डोळे मिटून घेतले. चार दिवसांनी गेले.

तेराव्या दिवशी भांडी आवरताना माझी धाकटी जाऊ त्रिशला हळूच म्हणाली, “आक्का, राग मानू नका. पण वही दिली परक्या बाईला आणि बायकोला किल्ली? किल्ली गड्याच्या हातात देतात.”

“राहू दे गं,” मी म्हटलं. मी मोठ्याने बोलत नाही, कुणाला उलटून उत्तर देत नाही. गावात माझं नावच आहे तसं. पण त्रिशलाचं ते वाक्य मी घासलेल्या पातेल्यासारखं परत परत हाताखाली घेतलं.

पुढच्या सोमवारी सातला फोन वाजला.

“वैनी, हजेरी. मंडळ?”

त्यांचाच शब्द, तसाच तोडून. 

“चाळीस किलो तांदूळ,” मी म्हटलं.

“आन् शेगड्या?”

“सहा.”

“हजर!” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “जेवतासा न्हवं वैनी येळंवर?”

मी फोन ठेवला.

वैशाखात तालुक्याला बैठक होती. पावसाळ्यापूर्वीची. पूर्वी हे जात. या वेळी हौसा गेली, आणि मंडळातर्फे मी. साहेबांनी हौसाला पुढे बसवलं, कारण वही तिच्याकडे. मी दुसऱ्या रांगेत. ती पिशवीतून वही काढी, बोटाला थुंकी लावून पान उलटी, आणि म्हणे, “आमच्या अण्णांनी हितं लिवलंय बघा.” आमच्या अण्णांनी! त्यांचं अक्षर. त्या अक्षरात मला आलेली पत्रं माझ्या पेटीत होती, लग्नाआधीची चार. आणि ही बाई थुंकी लावत होती.

परत येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसायला आली. मी पिशवी मधे ठेवली. ती पिशवीच्या पलीकडे अर्ध्या बाकावर टेकली आणि तासभर तशीच बसून आली. वाटेत दोनदा तिने पदराखालून शेंगा काढून पुढे केल्या. “भाजल्याल्या हाईत वैनी, घरच्या. तुमास्नी चालत्यात का न्हाई म्हाईत न्हाई बगा.” चालतात. मी मान हलवून नको म्हटलं.

मृगाआधी ती जॅकेटं तपासायला गुदामावर आली. मी तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं आणि एकेक जॅकेट बाहेर आणून दाखवलं. पन्नास फेऱ्या. माझे गुडघे दुखले, पण तिला आत येऊ दिलं नाही. बस्तीची जागा आहे, पावित्र्य राखायला हवं, असं मी त्रिशलाला सांगितलं. गुदामात युरियाची रिकामी पोती होती आणि उंदीर होते. पावित्र्य कसलं!

हौसा उन्हात उभी राहून मोजत होती. शेवटचं जॅकेट घेताना म्हणाली, “वैनी, तुमच्या हाताखाली गडी लागला आस्ता तर तीन दिसात पळाला आस्ता.” आणि स्वतःच खळाळून हसली. तेच ते हसणं असणार. भिंतीच्या त्या टोकाला तेच असणार. मला वाटलं, इतकी वर्षं हे या हसण्याला हसत होते.

मग चातुर्मास आला. आषाढी चतुर्दशीला मी व्रत घेतलं. उठल्यापासून सकाळी नऊपर्यंत मौन. जप, पूजा, स्वाध्याय, सगळं मौनात. सगळ्या बायका म्हणाल्या, राजमतीबाईंचं बाई मन किती शांत!

खरं सांगते. सोमवारी तिचा आवाज माझ्या घरात यायला नको होता. फक्त सोमवारी मौन धरलं असतं तर ते दिसलं असतं, म्हणून रोज धरलं.

पहिल्या सोमवारी सातला फोन दोनदा वाजला. मी माळ ओढत राहिले. पाऊण तासाने हौसा धापा टाकत पुलावरून चालत आली आणि ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. मी देवघरातून तिच्याकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं. शेजारच्या घरातून येत त्रिशलाने तिला सांगितलं, “आक्कांचं मौन आहे. नऊपर्यंत. चार महिने.”

“व्हय का?” हौसाने पदराने तोंड पुसलं. “मला वाटलं पडल्या का काय कुटं. एकट्या आस्त्यात.” मग माझ्याकडे वळून तिने हात जोडले. “बरं, वैनी. मी नऊला करत जाईन. देवाच्या कामात मी न्हाई यायची.”

तेव्हापासून ती बाकीच्यांना सातला फोन करी आणि मला नऊला. मला काही तक्रारीला जागाच उरली नाही, आणि त्याचाही मला राग आला.

ती श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची सकाळ होती. चार दिवस वर घाटात पाऊस कोसळत होता, आमच्याकडे नुसती भुरभुर. आदल्या संध्याकाळी पाणी पुलाच्या कमानीत होतं. तशात अजून दोन दिवस काढता आले असते, असं गावाला वाटत होतं. त्रिशला माहेरी गेली होती. मी पहाटे बस्तीत जाऊन आले. नियम घेतला: आज घर आणि बस्ती, एवढीच हद्द. मग देवघरात जपाला बसले.

सातला फोन वाजला.

मला ते लगेच कळलं. हौसाला माझं मौन माहीत होतं. ती मला सातला कधी फोन करत नव्हती. सातला केला म्हणजे ती हजेरी नव्हे.

फोन कोनाड्यात होता, माझ्यापासून चार हातांवर. वाजून थांबला. परत वाजला. मी माळेचा मणी अंगठ्याखाली धरला होता, तो पुढे सरकेना. मनात म्हटलं, व्रत आहे. मनात म्हटलं, वही तिच्याकडे आहे, बघून घेईल तिचं ती. हे दुसरं म्हटलेलं मला नीट आठवतं, कारण त्या वेळी माझ्या तोंडावर हसू आलं होतं.

तिसऱ्यांदा वाजला. थांबला. नंतर वाजला नाही.

त्या मौनात मी एक तास आणि दहा मिनिटं बसले. जप एकदासुद्धा पुरा झाला नाही. खिडकीतून नदीचा आवाज येत होता, तो वाढत गेला आणि मला तो कळत होता. एकोणतीस वर्षं मी पाणी मोजणाऱ्याच्या घरात काढली होती.

सव्वाआठच्या सुमाराला ओसरीवर ओल्या पावलांचा आवाज आला.

“वैनी! ओ वैनी! बऱ्या हायसा न्हवं?”

हौसा दारात उभी होती. डोक्यापासून भिजलेली, कपाळावर चिखल, चमकी जागेवर नव्हती. उजवा हात तिने डाव्या हाताने कोपराखाली धरला होता आणि तो मनगटाच्या वर वेगळ्याच बाजूला वळलेला होता. माझ्या हातात माळ होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पडलेय का, लागलंय का, अशा नजरेने. आणि मग ती एकदम चौकटीला टेकली.

“हायसा. देवा. हायसा,” ती म्हणाली. “मला बोलू नगासा. नुस्ती किल्ली दावा. धरनाचं दार वरच्यांनी पाटं उघाडलं. पूल गेला पान्याखाली. वाड्यातली चौदा घरं साळंच्या माडीवर बसल्याती. नावा हाईत, पर जॅकेटाबगार म्हातारी-पोरं काडायची न्हाईत, आसं ठरलंय. दुपारपातुर माडीवर पानी यील.”

मी बोलले.

“कमरेला आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. “चल.”

बाहेर तिचा दीर रंगा उभा होता. घाटाच्या पायऱ्यांशी त्यांची नाव दोन फळ्यांत फुटून पडली होती. ओंडका वाहत आला, नाव पायरीवर आदळली, मधे हौसाचा हात सापडला. मी धावले. आयुष्यात मी कधी धावले नव्हते. गुदामाचं कुलूप उघडलं आणि बाजूला झाले. हौसा उंबऱ्यापाशी सवयीने थांबली.

“ये आत,” मी म्हटलं.

रंगाने बोट बाहेर ओढली, मी मशीनला हात लावला. जॅकेटं मी पाच-पाच उचलून बोटीत टाकली, पन्नास फेऱ्या नाही लागल्या. मंडळाच्या बायकांना हाका मारल्या. त्या माझी हाक ऐकूनच दचकून बाहेर आल्या. पलीकडून भोयांच्या दोन नावा आल्या होत्याच. साडेनऊला पहिली फेरी गेली. अकरा वाजेपर्यंत चौदा घरांतली सगळी माणसं आमच्या बस्तीच्या मंडपात होती. शेवटच्या फेरीपर्यंत पाणी अंदाजाआधीच माडीवर चढलं होतं, लोकांना छातीभर पाण्यातून बोटीत घ्यावं लागलं. एक तास आधी घेतलं असतं तर घोट्याएवढ्या पाण्यातून आले असते. रंगा हे सहज बोलून गेला, मला नव्हे, दुसऱ्याच कुणाला.

हौसाचं घर बाराच्या सुमाराला बसलं. मंडपातून दिसत होतं. कौलं पाण्यावर आली, थोडा वेळ तरंगली आणि निघाली.

आरोग्य केंद्राच्या बाई येईपर्यंत तिचा हात बांधायला हवा होता. मी घरातून माझं पूजेचं पांढरं पातळ आणलं आणि फाडलं. तिला बस्तीच्या स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. भाताचं आधण चुलीवर होतं, बाहेर बायकांचा गलका. मी तिच्या हाताखाली लाटणं ठेवून पट्टी गुंडाळत होते. ती डोळे मिटून दात आवळून बसली होती, आणि मधेच म्हणाली, “वैनी, माशाचा वास लागंल ह्याला. परत पूजंला न्हाई चालायचं.”

मी पट्टीची गाठ मारली. आणि तिथेच बसून सांगून टाकलं.

“हौसा, मला फोन ऐकू आला होता. तीनही वेळा. सातला वाजला म्हणजे काहीतरी आहे, हेसुद्धा कळलं होतं.”

तिने डोळे उघडले.  भाताचं झाकण थडथडत होतं.

“म्हाईत हाय,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“तुमाला माजा आवाज नगं आस्तोय ते. एसटीत पिशवी ठिवली तवाच कळालं. येडी न्हाई मी.” तिने चांगल्या हाताने तोंडावरचे केस मागे सारले. “पर आज न्हाई वाटलं तसं. आज वाटलं, पडल्या कुटं. त्रिशलाबाई माह्येराला गेल्याली म्हाईत व्हतं. दोनदा उचालला न्हाई तर मानूस पाटवायचं. पाटवायला कोन व्हतं? म्हनून मी आले.”

“किल्लीसाठी नाही?”

“किल्लीसाटी बी. पर आदी तुमी.”

मला तिच्याकडे बघवेना. मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “कुलूप तोडायचंस. आधी एखादी नाव पाठवून तोडायचं. गुदामाला दार ते काय, एक लाथ पुरे.”

“रंगा बी तेच म्हनला.” ती जरा हसली, दुखलं तशी थांबली. “तोडलं आस्तं वैनी. मग फुडच्या सोमवारी फोन कुटल्या तोंडानं केला आस्ता?”

बाहेर कुणीतरी पत्रावळी कुठे आहेत म्हणून ओरडत होतं. 

“एक विचारू?” मी म्हटलं. “रागावू नकोस. हे सोमवारी तुझ्याशी इतकं काय हसत?”

“कवा?”

“दर सोमवारी. ‘काय पडलं जाळ्यात’ म्हणून.”

हौसा माझ्याकडे बघतच राहिली. “आवं, ते हसायचं न्हवतं. म्हंजे हसायचे, मी शिव्या घालायची म्हनून. पर ते इचारायचे मासा कंच्या आंगाला घावला. मदल्या धारंत घावला तर पानी जुनं. काठाला आला, गढुळलेला, तर वरनं नवं पानी सुटलंय. पुलाच्या पट्टीवर दिसायच्या आदी माशाला कळतंय. अण्णा म्हनायचे, हौसा, माजी पट्टी तुझ्या जाळ्यात हाय.” मग आवाज उतरवून म्हणाली, “आज पाटं मासं काठाला आलं हुतं. म्हनून तर सातला फोन केला.”

आधण उतू गेलं. मी पदराने झाकण काढलं आणि चटका बसला तो तसाच राहू दिला.

“दवाखान्यात त्यांनी वही तुला का दिली? मी विचारलं तर बोलले नाहीत.”

“तुमी भाईर पानी आनायला गेल्यावर मी बी इचारलं. म्हनलं अण्णा, वैनींना द्या की वही, मला दोन अक्षरं येत्यात कशीबशी. तर म्हनले...” ती थांबली. “सांगू का? मनाला लावून घ्याल.”

“सांग.”

“म्हनले, राजमतीकडं वही बी आसली आन् किल्ली बी आसली तर ती तुला कवाच हाक मारनार न्हाई. एकटीच वडंल सगळं, गप, कुनाला दुखवायचं न्हाई म्हनून. आन् तुझ्याकडं दोनी दिलं तर तू तिच्या दाराला कशाला जाशील? म्हनून एकीकडं वही, एकीकडं किल्ली. भांडा न्हाईतर बोला, पर एकमेकीकडं यावंच लागंल.”

माझ्या नवऱ्याने मला ओळखलं होतं, आणि ते त्याने या बाईला सांगितलं होतं, मला नाही. त्या क्षणीसुद्धा, खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते हेच. मग बाकीचं आलं. मग मी तिच्या समोर बसून रडले. हे गेले तेव्हा मी चारचौघात तशी रडले नव्हते.

 थोड्या वेळाने चांगल्या हाताने पोटाशी चाचपून तिने लुगड्याच्या ओच्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तोंडाला तीन गाठी. आत वही होती. कोरडी.

“घ्या. ह्यो हात आता लिवायचा न्हाई लवकर. आन् माजा फोन नदीत ग्येला. फुडच्या सोमवारपास्नं तुमी करा.”

मी वही घेतली. वरच्या पानावर त्यांचं अक्षर होतं, खाली तिचं, वाकडंतिकडं, प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘हजर’. मंडळापुढेही दर आठवड्याला ‘हजर’. मी उचलत नव्हते त्या सातच्या वेळेपुढेसुद्धा तिने काट मारली नव्हती. फक्त ‘मौन, ९ ला’ असं लिहिलं होतं.

मी कमरेची किल्ली सोडवली. तिच्या डाव्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटवली.

“आता ही तुझ्याकडं. बस्तीच्या लोकांना मी सांगते.”

“वैनी, गुदाम तुमच्या बस्तीचं. लोक काय म्हंतील?”

“म्हणू देत.”

“आन् मला फोन कसा करनार? फोन न्हाई माज्याकडं.”

“मी येईन.”

“नदीपल्याड? भोईवाड्यात?” ती वेदना विसरून माझ्याकडे बघायला लागली. “तुमी ओढा वलांडत न्हाईसा वैनी. अण्णा सांगायचे.”

“सोमवारी सातला. येते म्हटलं ना.”

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. हौसाचा हात जुळला, पण तिरका. त्या हाताने तिने पुन्हा जाळं फेकलं नाही. बाजारात बसून मासळी विकते. माझ्या एका तासाची ती किंमत आहे, आणि ती कधी तिने मागितली नाही. मंडळातल्या नव्या मुली विचारतात, काकी, ही हजेरी अजून कशी चालू आहे? बाकीच्या गावांत सगळं दोन वर्षांत बंद पडतं. मी त्यांना काय सांगणार? मला आठवतो तो पुरानंतरचा पहिला सोमवार.

पाणी उतरून तीन दिवस झाले होते, हौसासकट वाड्यातले लोक पलीकडे परत गेले होते. पुलावर वीतभर गाळ, कठड्यांना उसाचा पाला लटकलेला. ऊन स्वच्छ पडलं होतं. नदी आपल्या जागी, जणू काही केलंच नाही अशी. मी चारला उठले. जप, पूजा, मौन, सगळं साडेसहाच्या आत आटोपलं. मग बस्तीत भगवंतासमोर हात जोडून दिवसाची हद्द घ्यायला उभी राहिले. शेजारी त्रिशला होती. रोजच्या सवयीने माझ्या तोंडून ‘आज ओढ्या...’ एवढं निघालं आणि मी थांबले.

“आज नदीपलीकडे,” मी म्हटलं. “भोईवाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत.”

त्रिशलाने मान वळवून बघितलं. “आक्का, काय हे?”

 घरी आले. गाळलेलं पाणी बाटलीत भरलं. पिशवीत मूठभर भाजलेल्या शेंगा टाकल्या. सातच्या ठोक्याला ओसरीवर ह्यांच्या खुर्चीत बसले आणि हौसाचा नंबर लावला. नदीच्या तळाशी पडलेला फोन तो, लागणार नव्हताच. पलीकडून एक मुलगी शुद्ध मराठीत सांगत राहिली की हा क्रमांक सध्या उपलब्ध नाही. मी ठेवला. परत लावला. परत तेच.

दोनदा झालं.

मी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, तोंडाला तीन गाठी मारल्या, चपला पायात सरकवल्या आणि पुलाच्या रस्त्याला लागले.